प्रॉक्झिमाचे ग्रह आणि रोज सहाचं पाणी

देवगडकडच्या एका कातळसड्यावर मे महिन्यात आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. दक्षिणेला क्षितिजालगतचा एक ठळक तारा दाखवून झाला आणि त्याच्या शेजारच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहान ताऱ्याभोवती ग्रह फिरतात हेही सांगून झालं. तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका वयस्क मच्छीमार आजोबांनी विचारलं, "दिसणा नाय, मगे आसा म्हणान सांगतत कशावरना?" उत्तर लगेच मिळालं, की ग्रहाच्या ओढीने तारा थोडासा हलतो, त्यावरून कळतं. आजोबांनी मान डोलावली. उत्तर बरोबर होतं, पण ती मान पटल्याची नव्हती, समोरच्याचा मान राखण्यासाठी होती. "तारा हलतो" हे तीन वर्षांच्या मुलालाही सांगता येतं. चार प्रकाशवर्षांवरचा तारा किती हलतो, ते मोजतात कसं, आणि मोजलेलं खरं कशावरून, हे त्या उत्तरात कुठेच नव्हतं. ज्या माणसाचं सारं आयुष्य भरती-सुकतीच्या हिशोबावर गेलं, त्याला तर हे फार नीट सांगता आलं असतं. कारण या ग्रहांच्या शोधातला सगळ्यात अवघड भाग दुर्बिणीच्या आकाराचा नाही, पाहण्याच्या वेळेचा आहे.

आधी तो तारा कुठे दिसतो ते सांगतो. नरतुरंगातला मित्र, म्हणजे आल्फा सेंटॉरी, खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ ६१ अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे उत्तर भारतातल्या बहुतेकांना तो नुसता ऐकून माहीत असतो. कोकणात तो वर येतो, पण फार नाही: अलिबागला साडेदहा अंश, रत्नागिरीला सव्वाबारा, देवगडला पावणेतेरा, वेंगुर्ल्याला सव्वातेरा. हात पुढे ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते, म्हणजे क्षितिजावर एक मूठ ठेवली की तिच्या किंचित वर. तो बरोबर दक्षिणेला येतो ती वेळ १५ मेच्या सुमारास रात्री पावणेबारा आणि महिनाअखेरीस पावणेअकरा. रत्नागिरी-देवगडकडे त्याच्या आधी आणि नंतर दीड-दीड तास तो दहा अंशांच्या वर असतो, पाहायचं ते तेवढ्यात. उजवीकडे साधारण तेवढ्याच उंचीवर मित्रक असतो आणि आणखी उजवीकडे कलायला लागलेला त्रिशंकू. मित्र आणि मित्रक जोडीने दिसतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मित्र ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे, मित्रक जवळपास चारशेवर.

किनाऱ्यावर जाऊन हा तारा शोधणाऱ्यांची नेहमी निराशा होते, आणि त्याचं कारण साधं आहे. आपला किनारा पश्चिमेकडे उघडा आहे. पुळणीवर उभं राहिलं की दक्षिणेला बहुतेक वेळा पुढचा डोंगर समुद्रात उतरलेला असतो, त्यावर सुरूची किंवा माडाची रांग असते आणि खाली कुठल्या तरी जेटीचे दिवे. बारा अंशांतले पाच-सहा तिथेच जातात. त्यापेक्षा देवगड, राजापूर भागातले सडे कितीतरी चांगले. झाड नाही, दक्षिण मोकळी, आणि समुद्रसपाटीपासून उंचावर असल्याने सर्वांत दाट दमट थर बराचसा खाली राहतो. एवढं करूनही बारा-तेरा अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या साडेचारपट हवा ओलांडून येतो. आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा इथे पिवळट, लुकलुकता आणि चांगलाच मंद दिसतो, तो यामुळे. दुर्बिणीतून पाहिलं तर त्याची एक कड लाल आणि एक निळसर दिसते. तो भिंगाचा दोष नाही, एवढ्या तिरप्या हवेतून जाताना प्रकाशाचे रंग थोडे फाकतात. खारा वारा पडून मतलई सुरू होईपर्यंत थांबलं तर प्रतिमा बरीच शांत होते, पण मग दव पडायला लागतं. भिंगावर पडलेलं दव आणि मीठ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. मिठाचे कण भिंगावरचा लेप खरवडतात. आधी फुंकणीने हवा मारावी, मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मऊ कापडाने न दाबता टिपून घ्यावं.

मित्र हा एकटा तारा नाही. सूर्यासारखे दोन तारे, ए आणि बी, सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतात, आणि तिसरा त्यांच्यापासून खूप दूर. तो तिसरा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. रॉबर्ट इनेस यांनी जोहान्सबर्गहून १९१५ मध्ये तो शोधला. ४.२४ प्रकाशवर्षांवरचा हा तारा सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी, आणि तरीही ११.१ प्रतीचा. साध्या डोळ्यांना दिसतात त्या सर्वांत मंद ताऱ्यांच्याही शंभर भागांतला एक भाग प्रकाश. वस्तुमान सूर्याच्या १२ टक्के, पृष्ठभागाचं तापमान ३००० केल्विनच्या आसपास. मित्र दक्षिणेला आला की प्रॉक्झिमा त्याच्या खाली किंचित उजवीकडे, दोन अंशांहून थोडा जास्त अंतरावर असतो. कोकणातून तो डोळ्याने पाहायचा तर आठ इंची दुर्बीण, चांगला तारापट आणि अवकाळीचा एखादा शिडकावा होऊन धुतलेली रात्र हवी. एरवीच्या मेच्या धुरकट हवेत नाद सोडावा.

आता ग्रह. प्रॉक्झिमा बी हा ग्रह ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झाला. गियेम आंग्लादा-एस्कुदे यांच्या गटाने चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचं हार्प्स हे उपकरण वापरलं होतं. ग्रह ताऱ्याला ओढतो तेव्हा तारा आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर असा झुलतो, आणि त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्याकडे आणि तांबड्याकडे सरकतात. इथवर सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असतं. पण किती सरकतात? प्रॉक्झिमाच्या झुलण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. डिटेक्टरवर हे सरकणं एका पिक्सेलच्या पाचशे-सहाशे भागांपैकी एक भाग भरतं. एका रेषेवरून हे कळणं शक्यच नाही. म्हणून हजारो रेषा एकत्र घेऊन त्यांचा सरासरी कल काढतात. उपकरण निर्वात टाकीत बंद असतं आणि आतलं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकं स्थिर ठेवतात, कारण धातू जरासा जरी फुगला तरी रेषा ग्रहामुळे सरकतात त्याहून जास्त सरकतील. ताऱ्याचा प्रकाश एका फायबरमधून येतो, शेजारच्या दुसऱ्या फायबरमधून थोरियम-आर्गॉनच्या दिव्याचा. दिव्याच्या रेषा कुठे पडायला हव्यात हे पक्कं माहीत असतं, त्या हलल्या तर दोष उपकरणाचा.

यानंतर पृथ्वीची चाल वजा करायची. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते आणि स्वतःभोवती फिरते ते वेगळं. १.४ मीटर शोधताना ३०,००० मीटर वजा करायचे आहेत. यातली मला सगळ्यात आवडती बारीक गोष्ट म्हणजे घड्याळ. प्रॉक्झिमा मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर, असताना वेधाच्या मध्याची वेळ एका मिनिटाने चुकली, तर निव्वळ पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तरात सेकंदाला जवळपास ८० सेंटिमीटरची चूक येते. आणि मध्य म्हणजे घड्याळावरचा मध्य नव्हे. पंधरा मिनिटांच्या वेधात शेवटची पाच मिनिटं पातळ ढग आला, तर बहुतेक प्रकाश आधीच्या दहा मिनिटांत जमा झालेला असतो आणि खरा मध्य मागे सरकतो. म्हणून वेध चालू असताना दर क्षणी किती प्रकाश आला याची वेगळी नोंद ठेवतात आणि त्या वजनाने मध्य काढतात. एका ढगाच्या पट्ट्याने अर्ध्या ग्रहाएवढी चूक होऊ शकते, हे वाचल्यावर या कामाबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला.

तरीही खरी अडचण यापुढे आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाला ती समजावणं अगदी सोपं आहे. समजा एखादा माणूस रोज सकाळी बरोबर सहाला जेटीवर जातो, पाण्याची पातळी लिहितो आणि घरी येतो. बाकी दिवसभर समुद्राकडे बघतही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हा आपला जुना हिशोब. त्याप्रमाणे अष्टमीला सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सहाला सुकती. या माणसाच्या वहीत पाणी अष्टमीला चढलेलं, आठवडाभरात उतरलेलं, पुढच्या अष्टमीला पुन्हा चढलेलं. तो प्रामाणिकपणे सांगेल की समुद्र पंधरा दिवसांत एकदा चढतो आणि उतरतो. त्याची पट्टी बरोबर, वही बरोबर, एकही नोंद खोटी नाही. साडेबारा तासांची भरती त्याला पंधरा दिवसांची दिसली ती फक्त तो चोवीस तासांनी एकदाच पाहत होता म्हणून. खगोलशास्त्रज्ञ तर याच जेटीवर बांधलेले असतात. तारा रात्रीच दिसतो, वर्षातले काही महिनेच दिसतो, दुर्बीण वाटून घ्यावी लागते. पाहण्याच्या वेळांनाच एक ताल असतो, आणि तो ताल ताऱ्याच्या तालात मिसळून नसलेली आवर्तनं तयार करतो.

अशी उदाहरणं घडलेली आहेत, आणि एक तर याच मित्राच्या बाबतीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये आल्फा सेंटॉरी बीभोवती ३.२४ दिवसांत फेरी मारणारा, पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला. चार वर्षांचे ४५० हून अधिक वेध, झुलण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. जगभर आनंद झाला. २०१५ मध्ये विनेश राजपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर काम केलं. त्यांनी संगणकात ग्रह नसलेला, नुसता डाग असलेला तारा बनवला आणि त्याला नेमक्या त्याच ४५० वेळांना "पाहिलं". ३.२४ दिवसांचा ग्रह उगवला. म्हणजे तो ताऱ्याभोवती नव्हता, नोंदवहीच्या तारखांमध्ये होता. त्याआधीची गोष्ट बर्नार्डच्या ताऱ्याची. पीटर व्हॅन डी कँप यांनी दशकानुदशकं काचेच्या तबकड्यांवर त्याची जागा मोजली आणि १९६३ मध्ये गुरूपेक्षा मोठा ग्रह असल्याचं सांगितलं. पुढे लक्षात आलं की त्याच दुर्बिणीवरून पाहिलेले इतर तारेही तसेच हलतात, आणि मोठी उडी १९४९ मध्ये आहे, ज्या साली भिंगाची चौकट बदलली होती. मला या दोन्ही गोष्टींत शोध लावणाऱ्यांची फजिती दिसत नाही. ज्यांनी तबकड्या आणि आकडे जपून ठेवले, उघडे ठेवले, त्यांच्यामुळेच चूक कळली.

प्रॉक्झिमाचा ग्रह टिकला तो याच धड्यामुळे. २००० पासूनच्या जुन्या वेधांत ११.२ दिवसांची चाहूल होतीच. पण ते वेध तुटक, मनाला येईल तेव्हाचे. त्यात खरं आवर्तन आणि वेळापत्रकाचा भास वेगळे होईनात. मग ठरलं की १९ जानेवारी ते ३१ मार्च २०१६ या काळात शक्य त्या प्रत्येक रात्री एकदा वेध घ्यायचा. एखादी रात्र ढगात जाईल, ती जाऊ द्यायची, पण दोन वेधांत मोठी फट पडू द्यायची नाही. ११ दिवसांची फेरी ओळखायची तर एकेका फेरीवर आठ-दहा ठिपके हवेत, आणि अशा सहा फेऱ्या सलग. त्याच रात्री दुसरीकडच्या छोट्या दुर्बिणी, त्यातली एक फक्त ४० सेंटिमीटरची, प्रॉक्झिमाचं तेज मोजत होत्या. ते मोजणं तितकंच महत्त्वाचं. तारा स्वतःभोवती फिरतो आणि त्यावर मोठे डाग असतात. डाग आपल्याकडे येणाऱ्या बाजूवर असला की तिकडचा प्रकाश घटतो, रेषा एका अंगाने कलते आणि तारा हलल्यासारखा भास होतो. पण डागाने तेजही बदलतं, ग्रहाने बदलत नाही. डाग काही महिन्यांत विरतो, ग्रहाची फेरी पंधरा वर्षांच्या नोंदींत एकाच ठेक्यात सापडते. डागाचा परिणाम तांबड्या प्रकाशात आणि निळ्यात वेगवेगळा, ग्रहाचा सर्व रंगांत सारखा. प्रॉक्झिमाला एका परिवलनाला तीन महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे ११.२ दिवस हे डागांचं काम नाही हे त्या कसोट्यांवर ठरलं.

२०२२ मध्ये जोआओ फारिया यांच्या गटाने एस्प्रेसो उपकरणाने दुसरा ग्रह दाखवला, ५.१ दिवसांचा. ताऱ्याची चाल सेकंदाला फक्त ३९ सेंटिमीटर आणि वस्तुमान कमीत कमी पृथ्वीच्या पाव पट. २०२५ मध्ये अवरक्त प्रकाशात काम करणाऱ्या निर्प्स उपकरणानेही पहिल्या ग्रहावर शिक्कामोर्तब केलं आणि दुसऱ्याच्या बाजूने पुरावा दिला. रंग बदलूनही ठेका तोच राहिला. पाच वर्षांच्या फेरीचा म्हणून २०२० मध्ये सांगितलेला तिसरा मात्र अजून वादात आहे, त्याला ग्रहांच्या यादीत धरू नये. "कमीत कमी" या शब्दांकडेही बातम्यांत कुणाचं लक्ष नसतं. कक्षा आपल्या नजरेला किती कललेली आहे ते ठाऊक नाही. ती नजरेच्या रेषेपासून ६० अंश कललेली असेल तर ग्रहाचं वस्तुमान लगेच दुप्पट होतं. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसला असता तर हा प्रश्न सुटला असता, पण प्रॉक्झिमा बी तसा जात नाही.

बातमीसोबत जे चित्र छापतात त्याबद्दल माझं मन दोन बाजूंना ओढलं जातं. निळा समुद्र, खडक, तांबूस सूर्यास्त. त्यातल्या काही गोष्टींना आधार आहे. ग्रह ताऱ्यापासून सुमारे ७२ लाख किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीला सूर्याकडून मिळते त्याच्या ६५ टक्के ऊर्जा त्याला मिळते. त्याच्या आकाशात प्रॉक्झिमा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल, आणि आपला सूर्य शर्मिष्ठेच्या चांदण्यांशेजारी एक जास्तीची ठळक चांदणी. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण सूर्यास्त बहुधा होतच नसेल. इतक्या जवळच्या ताऱ्याच्या भरतीच्या ओढीने ग्रहाचं फिरणं जखडलं गेलं असण्याची शक्यता फार, जसं चंद्राचं पृथ्वीने जखडलं. मग एका बाजूला कायम दिवस, दुसरीला कायम रात्र. आणि तारा शांत नाही. ज्या मोहिमेत ग्रह सापडला तिच्यातच, १८ मार्च २०१६ ला, प्रॉक्झिमावर असा भडका झाला की तो काही काळ सुमारे ६८ पट तेजस्वी झाला. वारंवारच्या भडक्यांपुढे हवा टिकली असेल का, हे ठरवायला आज एकही मोजमाप नाही. तरी ते चित्र मुलांच्या वहीवर चिकटवलेलं दिसलं की फाडावंसं वाटत नाही.

हे तंत्र आपल्याकडेही आहे, अबूच्या गुरुशिखरावर. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या पारस आणि पारस-२ या उपकरणांनी दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह याच पद्धतीने मोजले आहेत. तिथून मित्र जेमतेम साडेचार अंश वर येतो, त्यामुळे या शेजाऱ्यावर त्यांचा काही इलाज नाही. बर्नार्डचा तारा मात्र अबूहूनही आणि कोकणातूनही उंच जातो. ५.९६ प्रकाशवर्षं, भुजंगधारीत, मे-जूनच्या रात्री रत्नागिरीत ७८ अंशांपर्यंत. तिथला साठ वर्षांपूर्वीचा ग्रह खोटा निघाला, पण २०२४ आणि २०२५ मध्ये त्याच ताऱ्याभोवती चार लहान ग्रह सापडले, सर्वांची वर्षं सात दिवसांहून कमी. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आल्फा सेंटॉरी एभोवती शनीएवढ्या ग्रहाचा उमेदवार जाहीर झाला. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने ताऱ्याचा प्रकाश झाकून ऑगस्ट २०२४ मध्ये एक ठिपका टिपला. २०२५ च्या फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पाहिलं तर तो नव्हता. कक्षेत ताऱ्याच्या अगदी जवळ गेला असेल तर दिसणार नाही, हे हिशोबात बसतं. पण एका ठिपक्यावर ग्रह म्हणायचं नाही, एवढं हे क्षेत्र शिकलं आहे.

कॅमेरा असलेल्यांनी एक काम जरूर करून पाहावं. २०० मिलिमीटरची लेन्स, ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारा साधा ट्रॅकर, मेच्या शेवटच्या आठवड्यात सड्यावरून मित्राच्या खालच्या भागाचे तीस-तीस सेकंदांचे वीस-पंचवीस फोटो काढून ते एकावर एक रचायचे. ध्रुवतारा कोकणात सोळा-सतरा अंशांवरच असतो, त्यामुळे ट्रॅकर लावताना उत्तरेचीही झाडं आड येणार नाहीत अशी जागा हवी. फोटो जास्त वेळ उघडा ठेवला तर मित्राच्या तेजाची झाक शेजारच्या मंद ताऱ्यांवर चढते, म्हणून मित्रच चौकटीबाहेर राहील असं बघा. प्रॉक्झिमा वर्षाला ३.८५ विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चार मायक्रॉनच्या पिक्सेलवर हे जवळजवळ एक पिक्सेल होतं, म्हणजे तीन-चार वर्षांनी त्याच लेन्सने काढलेला फोटो जुन्यावर ठेवला तर एकच ठिपका जागा सोडून गेलेला दिसतो. दुसरा फोटोही मे महिन्यातच काढा. वेगळ्या महिन्यात काढला तर पराशय, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्याने तारा सरकल्याचा भास, मध्ये घुसतो आणि सरकणं चुकीचं मोजलं जातं. फाईलच्या नावात तारीख, जागा आणि वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवा, आणि ज्या रात्री ढगांमुळे काही मिळालं नाही तीही वहीत लिहा.